परतणारा एकटाच का असतो?

वाईहून मेणवलीला चालत गेले तरी तासाभरात पोहोचता येते. नाना फडणिसांचा वाडा, मागे कृष्णेचा घाट, घाटावर मेणेश्वर आणि वसईच्या मोहिमेची आठवण म्हणून टांगलेली ती मोठी घंटा. पूर्वी हे पाहायला शाळांच्या सहली येत. आता सहली येतात तशी मोटारीही येतात, आणि त्यांतून उतरणारी माणसे नानांची चौकशी करण्याआधी विचारतात, "ते 'स्वदेस'चं शूटिंग कुठं झालं हो?" आशुतोष गोवारीकरांचा हा चित्रपट २००४ सालच्या डिसेंबरात आला. कथेतले चरणपूर हे खेडे उत्तर प्रदेशातले. पण त्याच्या घाटाच्या पायऱ्या आमच्या मेणवलीच्या. त्यामुळे या भागातल्या लोकांना तो चित्रपट थोडासा घरचाच वाटतो. मलाही वाटतो. घरच्या माणसाविषयी जितके मोकळेपणाने बोलावे तितके त्याच्याविषयी बोलण्याची मुभा मी आज घेणार आहे.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली बाई. शाळेत मुलांना शिकवते आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. समीक्षेची परिभाषा मला येत नाही, आणि दिवाळीच्या फराळाबरोबर ती कोणाला रुचेल असेही नाही. पण गेली काही वर्षे एक शंका मनात घर करून बसली आहे. परदेशी गेलेला आपला माणूस 'परत यावे की न यावे' या विचारात पडतो, त्या विचाराचे चित्र आपल्या कथा, नाटके आणि बोलपट खरोखर काढतात काय? की तो विचार सुरू होण्याआधीच लेखक त्याचा निकाल लावून मोकळा होतो?

शंकेला कारण घडले ते माझ्या मावसभावाचे. तो २००९ साली न्यू जर्सीला गेला. त्याच्याबरोबरच मी एकदा 'स्वदेस' पाहिला होता. चित्रपट संपल्यावर तो डोळे पुसत म्हणाला होता, "ताई, गेलो तर असाच परत येईन." आता तो दर रविवारी फोनवर तोच प्रश्न निराळ्या शब्दांत विचारतो, आणि त्याला काय सांगावे हे मला कळत नाही. एकदा मी बेधडक "ये" म्हणून सांगितले होते. त्याविषयी पुढे येईलच.

आधी चित्रपटाकडे वळू. मोहन भार्गव हा नासामध्ये काम करणारा तरुण शास्त्रज्ञ. लहानपणी जिने सांभाळले त्या कावेरीअम्मांचा शोध घेत तो हिंदुस्थानात येतो. वृद्धाश्रमातून अम्मांना गीता नावाच्या शिक्षिकेने चरणपूरला नेलेले असते. मोहन तिथे जातो, रमतो, डोंगरातल्या झऱ्यावर वीज निर्माण करून गावाला देतो, अमेरिकेला परत जातो, हातातले काम पुरे करतो, आणि अखेर कायमचा येतो. गोष्ट एवढीच.

या गोष्टीत एक जागा अशी आहे की तिच्यासाठी मी बाकीच्या शंभर उणिवा माफ करीन. गीताची थकलेली जमीनपट्टी वसूल करायला मोहन दुसऱ्या गावी जातो. तिथला हरिदास पिढीजात विणकर. तो धंदा बसला म्हणून शेतीकडे वळला, तर गावाने त्याला शेतीचे पाणी दिले नाही. वसुली राहतेच बाजूला. परतताना एका स्टेशनात गाडी थांबते आणि एक पोरगा कुल्हडातून पाणी विकत येतो, पंचवीस पैशांना. तोवर मोहन बाटलीतल्या पाण्याशिवाय दुसऱ्या पाण्याला शिवलेला नाही. तो ते कुल्हड घेतो आणि पितो. संवाद नाही, व्याख्यान नाही. माणूस परत येतो म्हणजे नेमके काय होते, हे इथे दिसते. विमानातून उतरून तो आधीच आला होता. पण आला तो या घोटाला.

आमच्या इथल्या मोठ्या लेखकांनाही असा घोट लिहिता आला तर त्यांनी स्वतःला धन्य मानावे. असो.

पण आता मोहनच्या संसाराची झडती घ्या. आईवडील? वारलेले. बायको? नाही. मुले? अर्थातच नाहीत. त्याच्या कामाचे महत्त्व आपल्याला कळते. पण घरासाठी घेतलेले कर्ज, हप्ते, मुलांच्या शाळा, बायकोची नोकरी, यांपैकी एकही गोष्ट त्याच्या ताजव्यात पडत नाही. त्याच्यासाठी जे थांबलेले आहे ते सगळे इकडे आहे: अम्मा इकडे, गीता इकडे, गाव इकडे. तिकडच्या पारड्यात एक उपग्रह. मग काटा कोणीकडे झुकणार हे सांगायला सोनार कशाला पाहिजे? लेखक-दिग्दर्शकाने मोहनला निवड करायला लावली असे आपण समजतो. खरे म्हणजे त्याने निवडीतले सगळे अवघड सामान आधीच घराबाहेर काढून ठेवले आहे.

आणि एक तक्रार शिक्षिकेची म्हणून. गीता शाळा चालवते, पोरे गोळा करते, गावच्या पंचांशी भांडते. हे सगळे ती मोहन यायच्या आधीपासून करीत आहे. पण गावाचे भाग्य उघडते ते मोहन आल्यावर. जी कधी गेलीच नाही तिच्या वाट्याला चित्रपटभर परतणाऱ्याची वाट पाहणे येते. आमच्या शाळेतल्या बायका हे पाहून हसल्या. हसल्या, पण त्यांतल्या दोघींनी चित्रपट तीनतीनदा पाहिला, हेही सांगितले पाहिजे.

आता याच्या अगदी उलट टोकाची कलाकृती घेऊ. जयवंत दळवींचे 'संध्याछाया' हे नाटक १९७३ सालचे. नाना आणि नानी हे म्हातारे जोडपे. एक मुलगा अमेरिकेत, दुसरा सैन्यदलात. नाटकाचा शेवट ज्यांना ठाऊक आहे त्यांना तो विसरता येत नाही, आणि ज्यांना ठाऊक नाही त्यांना सणासुदीच्या दिवसांत मी तो सांगणार नाही. दळवींची ताकद अशी की दोन माणसे, एक घर आणि घड्याळातला न सरणारा वेळ एवढ्यावर त्यांनी प्रेक्षकाला जागचे हलू दिले नाही. त्या काळी अमेरिकेचे पत्र यायला आठवडे लागत. आज मावशीला भाऊ रोज दिसतो, काचेच्या पडद्यावर. तरी ती नाटकातल्या नानीसारखीच बोलते. म्हणजे दळवींनी जे पाहिले ते टपालापेक्षा खोल होते.

पण इथेही ताजव्याचे एक पारडे रिकामेच आहे. 'स्वदेस'मध्ये आईबाप नसलेला मुलगा आहे; 'संध्याछाया'त आपण सारा वेळ मुलाशिवायच्या आईबापांजवळ बसतो. तिकडच्या मुलाच्या घरी रात्री दिवा मालवल्यावर काय बोलणे होत असेल, हे नाटक विचारीत नाही. प्रेक्षक मुलाला दोष देत घरी जातो. दोष देणे सोपे असते, कारण तो समोर नसतो. या दोन कलाकृती शेजारी ठेवल्या की एक अख्खे घर तयार होते, आणि मग लक्षात येते की ते अख्खे घर आपल्याकडे फार थोड्यांनी लिहिले आहे.

पूर्वी असे नव्हते काय? श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' ही कादंबरी १९६८ साली आली. तिच्यातल्या आनंदीबाई १८८३ साली अमेरिकेला गेल्या, १८८६ साली डॉक्टर झाल्या, कोल्हापूरच्या रुग्णालयात जागा मिळालेली असताना परत आल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात वारल्या. बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. त्या कथेत शोक आहे, संताप आहे. पण 'परत यावे की नाही' हा प्रश्नच नाही. जाणेच मुळी परत येण्यासाठी होते. प्रश्न निर्माण झाला तो नंतर, १९६५ च्या कायद्याने अमेरिकेचे दार उघडले आणि आपले डॉक्टर-इंजिनिअर नोकरीसाठी, संसार थाटण्यासाठी जाऊ लागले तेव्हा. म्हणजे नायक बदलला. लेखक मात्र अजून आनंदीबाईंच्या काळातले शौर्य त्याच्या अंगावर चढवू पाहतात.

खऱ्या घरात काय असते ते सांगते. माझा भाऊ व्हिसावर आहे. ग्रीन कार्डासाठी त्याचे नाव रांगेत आहे, आणि तिकडच्या कायद्याप्रमाणे कोणत्याही एका देशाच्या वाट्याला दरसाल सात टक्क्यांहून अधिक कार्डे येत नसल्याने हिंदुस्थानी माणसाची रांग वर्षानुवर्षे हलत नाही. २०२५ च्या सप्टेंबरात नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरची फी बसली. त्याचे जुने कागद त्यात येत नव्हते, तरी त्या रात्री दोघांना झोप नव्हती. त्याची मुलगी तिथे जन्मलेली, म्हणून तिथली नागरिक. आपला देश दुहेरी नागरिकत्व देत नाही. ती इकडे येते ती 'ओसीआय' कार्डावर. त्या कार्डावर तिला इथे राहता येईल, शिकता येईल, पण मत देता येणार नाही आणि शेतजमीन विकत घेता येणार नाही. मावशी इथे, तिच्या नावावर दीड एकर. एका घरात तीन तऱ्हेची कागदपत्रे. यात कथा नाही असे कोण म्हणेल? पण आपल्या लेखकांना कागदपत्रे रुक्ष वाटतात. रशियन लेखकांना तशी ती कधी वाटली नाहीत.

मी इतरांना बोलते आहे, तर माझेही पाप सांगून टाकते. काही वर्षांपूर्वी मी एक कादंबरी लिहिली. तिचा नायक परदेशातून परत येऊन गावी वाचनालय काढतो. मला वाटले होते, मी मोठे वास्तव लिहिले. मावशीने ती दुपारच्या दोन बैठकांत वाचली आणि पुस्तक मिटून विचारले, "अगं, तुझ्या त्या माणसाला बायको का नाही?" मी म्हटले, "मावशी, ती पहिल्याच प्रकरणात अपघातात गेली." मावशी म्हणाली, "बरी गेली. नाहीतर तो आला नसता." एवढी नेमकी समीक्षा माझ्या त्या पुस्तकावर दुसऱ्या कोणी लिहिली नाही. मी बायको मारली, आईलाही दुसऱ्या प्रकरणात वाटेला लावली, आणि मग नायक किती मोकळेपणाने परत येतो याचे तीनशे पाने कौतुक केले.

आणि याच मी भावाला "ये" म्हणाले होते. २०२२ सालच्या जूनमध्ये तो आला. कंपनीने इथून काम करू दिले होते. "वर्षभर राहून बघतो," म्हणाला. मुलगी नऊ वर्षांची. तिला आमच्या शाळेत चौथीत बसवली, माझ्याच वर्गात. मराठी घरी बोलत असल्यामुळे ती आठवड्यात रुळेल असे मला वाटले. गणितात तिला सारे येत होते. फक्त आम्ही काय विचारतो ते कळत नव्हते. अंश आणि छेद म्हणजे काय ते एकदा सांगितल्यावर तिने भराभर अपूर्णांक सोडवले. पण आकड्यांची नावे! एकोणसाठ आणि एकोणसत्तर, पंचाहत्तर आणि पंच्याऐंशी यांत ती रोज अडकायची, आणि वर्ग हसायचा. मी वर्गाला रागावले की तिला आणखी लाज वाटे. २०१९ साली दुसरीच्या पाठ्यपुस्तकात 'सत्तावीस'च्या जोडीला 'वीस सात' असे वाचन दिले तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला होता. मीही तेव्हा नाक मुरडले होते. तिला मात्र मी गुपचूप 'साठ नऊ', 'सत्तर पाच' असे म्हणायला शिकवले. त्या दिवशी ती पहिल्यांदा वर्गात आपणहून हात वर करून उठली.

मावशी त्या वर्षभरात दहा वर्षांनी तरुण झाली होती. भाऊ रात्री दोनपर्यंत तिकडच्या वेळेप्रमाणे काम करी आणि सकाळी बाजारात भाजी आणायला जाऊन सगळ्यांशी गप्पा मारी. त्याची बायको मात्र महिन्यागणिक गप्प होत गेली. तिकडे ती एका दवाखान्यात काम करीत होती. इथे तिला सगळे 'अमक्याची सून' म्हणत. एकदा ओट्याशी उभी राहून ती मला म्हणाली, "ताई, ह्यांचं परत येणं आहे. माझं हे दुसऱ्यांदा जाणं आहे." ती मूळची नागपूरची. वाई तिला न्यू जर्सीइतकीच परकी होती. हे वाक्य मला कोणत्याही पुस्तकात भेटले नव्हते. माझ्या स्वतःच्या पुस्तकात तर ते भेटणे शक्यच नव्हते. तिथे ते बोलायला कोणी जिवंत ठेवलेले नव्हते.

पुढच्या एप्रिलात ते गेले. मावशी निरोपाला दारापर्यंत आली, रस्त्यापर्यंत आली नाही.

आता तो पुन्हा विचारतो आहे. मावशीचे गुडघे गेले आहेत, मुलगी सातवीच्या वयाची झाली आहे, रांग तिथेच आहे. मागच्या रविवारी त्याने विचारले, "ताई, तू लेखिका आहेस, तूच सांग." मी त्याला म्हटले, "फोन जरा तिच्याकडे दे, तुझ्या बायकोकडे." ती पोळ्या लाटीत होती. पलीकडून पोळपाटाचा आवाज थांबला, आणि मागून मुलगी ओरडून म्हणाली, "आत्या, एकोणसत्तर म्हणजे साठ नऊ, मला अजून येतं!"