गागाकु : परंपरा आणि परदेशांतील साधना

जपानी राजदरबारातील वाद्यसंगीत, गायन व नृत्य यांना मिळून असलेली संज्ञा. ‘अभिजात संगीत’ हा तिचा शब्दार्थ. इ. स. ७०१ च्या ताइहो संहितेनुसार दरबारात स्वतंत्र संगीत विभाग स्थापन झाला. चीनमधून आलेले तोगाकु व कोरियातून आलेले कोमागाकु हे याचे प्रमुख प्रवाह होत. ७३६ मध्ये जपानला गेलेला भारतीय भिक्षू बोधिसेन व चंपा येथील बुत्तेत्सु यांच्याकडे काही नृत्यांचे श्रेय परंपरेने दिले जाते. शो (१७ नळ्यांचे स्वरसंघाचे वाद्य), हिचिरिकी (सनईप्रमाणे दुहेरी पत्तीचे सुषिरवाद्य) व र्‍यूतेकी ही आडवी बासरी, ही तोगाकुतील मुख्य सुषिरवाद्ये.

हे संगीत बाराशे वर्षे अविकृत राहिले, हे प्रचलित मत चिकित्सेस उतरत नाही. ओनिन युद्धात (१४६७–७७) वादकघराणी विखुरली. १८७० मध्ये क्योतो, नारा व ओसाका येथील परंपरा तोक्योत एकत्र आणून पुढे प्रमाण स्वरलेखन तयार करण्यात आले. मूळ चिनी सुरावटी जुन्या स्वरलेखनात टिकून असून कालौघात त्यांची लय फार मंदावली, असे ब्रिटिश संशोधक लॉरेन्स पिकेन यांनी प्रतिपादिले. त्यांचे हे विवेचन महत्त्वाचे असले, तरी त्यावरून आजच्या गागाकुस मूळ संगीताचा अपभ्रंश मानणे अन्यायाचे ठरेल. विलंबित लयीमुळेच त्यातील नादाचे थर व श्वासाचे अवकाश प्रतीतीस येतात. ही जपानी प्रतिभेची स्वतंत्र निर्मिती होय.

१९५९ मध्ये दरबारी वादकांनी अमेरिकेचा दौरा केला. पुढे लॉस अँजेल्स येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात दरबारी वादकघराण्यातील तोगी सुएनोबु यांनी अध्यापन केले. २००६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात शिक्षणक्रम सुरू झाला. फ्रेंच संगीतकार ऑलिव्हिए मेस्यां यांनी ‘सेत हाइकाइ’ (१९६२) या रचनेत शोचा नाद व्हायोलिनांवर आणला. तो परिणामकारक असला, तरी बाह्य नादरूपापुरता राहतो. गागाकु वाद्यांसाठीच रचलेल्या ताकेमित्सु तोरू यांच्या ‘शूतेइगा’त (१९७३) मात्र वादकाच्या श्वासाची गती रचनेचा आधार बनते.

परदेशांतील साधनेची खरी कसोटी अध्यापनपद्धतीत आहे. परंपरेत विद्यार्थी वाद्य हाती घेण्यापूर्वी शोगा, म्हणजे सुरावटीचे बोल, गुरूसमोर गाऊन पाठ करतो. हिचिरिकीवरील मींडसदृश स्वरचलन (एम्बाइ) पाश्चात्त्य स्वरलेखनात पुरतेपणी उतरत नाही; ते कंठातूनच वाद्यात येते. शोगा वगळून केवळ स्वरलेखनावरून केलेले वादन अचूक असूनही निष्प्राण वाटते, ते यामुळेच. २००९ मध्ये युनेस्कोने गागाकुचा मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या सूचीत समावेश केला. तथापि या वारशाचे सातत्य अशा सूचीपेक्षा गुरुमुखातून होणाऱ्या या संक्रमणावर अधिक अवलंबून आहे.