हवेत शून्य-एक नसतात

अंकीय दळणवळणाची ओळख करून देणाऱ्या सोप्या लेखांत एक आकृती हमखास आढळते: डावीकडे मनोरा, उजवीकडे मोबाइल फोन आणि मधल्या हवेत 0 व 1 यांची माळ. आम्हीही ती फळ्यावर काढलेली आहे. तरीही तिच्यावर आमचा आक्षेप आहे. डिमॉड्युलेशन, म्हणजे आलेल्या तरंगातून संदेश परत काढणे, यातला खरा प्रश्नच ती झाकून टाकते.

हवेतून येतो तो सलग वाहक तरंग. उपग्रह दूरचित्रवाणीत व 4जी फोनमध्ये वापरली जाणारी क्यूपीएसके ही पद्धत घ्या. तीत तरंगाची कला 45, 135, 225 किंवा 315 अंश असते आणि प्रत्येक कला दोन अंकांची जोडी दर्शवते. ग्राहकयंत्र आलेल्या तरंगाला स्वतःच्या कोज्या व ज्या तरंगांनी वेगवेगळे गुणते, उच्च वारंवारतेचा भाग गाळते आणि दोन संख्या मिळवते. आलेखावर हा झाला एक बिंदू. खरखरीमुळे तो नेमक्या जागी पडत नाही. चार आदर्श बिंदूंपैकी त्याला जवळचा कोणता, हे यंत्राला ठरवावे लागते. 0 आणि 1 हा असा दिलेला निकाल होय, आणि तो कधी कधी चुकतो.

आकृतीत आणखी एक अडचण दिसत नाही. प्रेषक व ग्राहक यांचे आंदोलक तंतोतंत जुळत नाहीत. दहा लाखांत एक भाग एवढाच फरक असला, तरी 900 मेगाहर्ट्झला तो 900 हर्ट्झ होतो. चारही बिंदू सेकंदाला 900 फेऱ्या मारू लागतात. ही फिरकी ओळखून थांबवण्याची एक युक्ती जॉन कोस्टास यांनी 1956 मध्ये मांडली. तेव्हा त्यासाठी इलेक्ट्रॉनिक मंडले लागत. आज तेच काम संख्यांच्या गुणाकार-बेरजांनी होते.

मग वर्गात काय करावे? आलेखकागदावर दोन्ही अक्षांवर साडेपाच अंतर घेऊन चार चरणांत चार बिंदू काढा. एका विद्यार्थ्याने गुपचूप एक बिंदू निवडावा. प्रत्येक अक्षासाठी नाणे व फासा टाकून तो सरकवावा: नाणे दिशा सांगेल, फासा घरे. सरकलेला बिंदू पाहून इतरांनी मूळ बिंदू ओळखावा. नंतर साडेपाचऐवजी अडीच अंतर घ्या. चुका एकदम वाढतील. मनोरा दूर गेला की फोनचे असेच होते, हे मग वेगळे सांगावे लागणार नाही.