सुवार्ताकार्य आणि दळणवळणाची साधने : ख्रिस्तपुराणाच्या निमित्ताने

परदेशांतील सुवार्ताकार्यास आधुनिक दळणवळणाच्या साधनांनी केवढे साहाय्य केले, याविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले जाते आणि ते बहुधा एकाच सुरात असते. छापखाना आला, नभोवाणी आली, चित्रपट आला, आता मोबाईल आला. दर वेळी प्रभूचा शब्द अधिक दूर गेला, असा हिशेब मांडला जातो. हिशेब खोटा नाही. तथापि तो केवळ अंतराचा हिशेब आहे. शब्द पोहोचल्यावर ऐकणाऱ्याला काही विचारावेसे वाटले तर त्याने कोणाकडे जावे, हा रकाना त्यात नाही. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या आरंभीच या उणिवेचे एक ठळक उदाहरण आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणाचा आपण भाषेचा अलंकार म्हणून गौरव करतो. साधनाची कसोटी म्हणून त्याकडे क्वचितच पाहतो.

१५५६ साली गोव्यात मुद्रणयंत्र उतरले. ते निघाले होते अबिसीनियाकडे, राहिले मात्र येथेच, आणि येशूसंघीयांच्या सेंट पॉल विद्यालयात उभे राहिले. स्टीफन्स १५७९ साली आले तेव्हा यंत्र जवळजवळ दोन तपे जुने झाले होते. साष्टीत लोकांमध्ये राहून त्यांची भाषा आत्मसात केलेल्या या इंग्रज धर्मगुरूने १६०८ साली रोमला संघाचे महाधिपती आक्वाव्हीव्हा यांना पत्र लिहिले. या प्रांतात देशभाषेत आणि देशी लिपीत पुस्तके छापली जावीत, अशी त्यांची विनंती होती. अडचणही त्यांनी स्वतःच नमूद केली : युरोपीय लिपीला चोवीस अक्षरे पुरतात, येथे सहाशेच्या आसपास साचे लागतील. त्यापूर्वी तीस वर्षे, १५७७-७८ च्या सुमारास, तमिळ लिपीचे खिळे तयार होऊन पुस्तक छापलेही गेले होते. म्हणजे गोष्ट अशक्य कोटीतली नव्हती. तरीही नागरी खिळे ओतले गेले नाहीत आणि १६१६ साली राचोल येथे ख्रिस्तपुराण बाहेर पडले ते रोमन अक्षरांत. सुमारे अकरा हजार ओव्या, भाषा मराठी, अक्षर परके!

पुढचा इतिहास विचार करावयास लावणारा आहे. १६४९ आणि १६५४ साली पुन्हा आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. १६८४ साली गोव्यातील पोर्तुगीज सत्तेने देशी भाषेच्या वापराविरुद्ध फर्मान काढले. ग्रंथ वाचला तो हस्तलिखितांमुळे आणि तो वाचून दाखविणाऱ्या, गाणाऱ्या कुटुंबांमुळे. गोव्याहून दक्षिणेकडे मंगळूरच्या मुलखात गेलेल्या ख्रिस्ती लोकांनी तो आपल्याबरोबर नेला. १९०७ साली सालढाणा यांनी मंगळुरात काढलेली आवृत्ती अशा हस्तलिखितांवरूनच सिद्ध झाली, तीही रोमन लिपीत. नागरीत छापलेले संपूर्ण पुराण मराठी वाचकाच्या हाती पडले ते शांताराम बंडेलू यांनी १९५६ साली पुण्यात काढलेल्या आवृत्तीमुळे. स्टीफन्स यांच्या पत्रापासून मोजल्यास तीनशे अठ्ठेचाळीस वर्षे!

यावरून यंत्राला दोष देणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. स्टीफन्स स्वतः यंत्र मागत होते. माझे म्हणणे वेगळे आहे. या ग्रंथाच्या रचनेतच श्रोता बसलेला आहे. पाद्री गुरू कथा सांगतात, मध्येच कोणी शंका काढतो, गुरू थांबतात, उत्तर देतात, मग कथा पुढे सरकते. राचोलच्या छापखान्याने हा संवाद कागदावर उतरविला, परंतु ज्याच्या तोंडी ती शंका होती त्या साष्टीच्या माणसाला स्वतःची शंका वाचता येईल असे अक्षर दिले नाही. घरी, देवळात मोठ्याने वाचन झाले तेव्हाच त्या शंकेला पुन्हा आवाज मिळाला.

पुढे अक्षराची अडचण सुटली. विल्यम केरी यांनी सेरामपूरहून १८११ साली मराठी नवा करार काढला. पण १८१३ साली मुंबईत आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांना तो येथील लोकांसाठी पुरेसा वाटला नाही आणि त्यांनी नव्याने भाषांतर हाती घेतले, ते १८२६ साली पूर्ण झाले. खिळे होते, बोलणारा माणूस मात्र दूर होता.

हीच कसोटी आजच्या साधनांना लावावी. लूकच्या शुभवर्तमानावर आधारलेला 'जीझस' हा १९७९ चा चित्रपट मराठीसह दोन हजारांहून अधिक भाषांत गेला. तंत्राच्या दृष्टीने हे काम अचाट आहे. पण भाषांतरित चित्रपटात वाक्याची लांबी नटाच्या ओठांवर ठरते, आणि ओठ हलतात ते इंग्रजीसाठी. गावात पडदा लावून तो दाखविणाऱ्या धर्मशिक्षकाने नंतर अर्धा तास बसून बोलणे केले, तर ही उणीव भरून निघते. पडदा गुंडाळून गाडी निघून गेली, तर नाही. सहावे पौल यांनी १९७५ सालच्या 'एव्हांजेली नुन्सियांदी' या पत्रात ही साधने न वापरणे हा दोष ठरेल असे सांगितले, आणि त्याच ठिकाणी जनसमुदायाला उद्देशून बोलताना प्रत्येकाच्या विवेकापर्यंत कसे पोहोचावे हा प्रश्नही ठेवला. आपण पहिला भाग आवडीने सांगतो.

आमच्या धारवाडात हा प्रश्न रोजचा आहे. येथील मराठी कुटुंबास वसईचे किंवा पुण्याचे प्रवचन मोबाईलवर सहज मिळते. ते चांगलेही असते. मात्र दुःखात, आजारात, लग्नाच्या अडचणीत दार ठोठवायचे ते येथल्या कन्नड धर्मग्रामाचे, आणि तेथे ते कुटुंब पाहुण्यासारखे राहते. याच शहराच्या सुभाष रोडवर जी. बी. जोशी यांनी १९३३ साली सुरू केलेल्या मनोहर ग्रंथमालेची जागा आहे. या कन्नड प्रकाशनसंस्थेचे नाव तिच्या पुस्तकांइतकेच तिच्या माळ्यामुळे झाले. कीर्तिनाथ कुर्तकोटी, गिरीश कार्नाड यांच्यासारखे लेखक तेथे जमत, वाद घालीत. छापखान्याच्या बाजूला बसण्याची जागा होती. आमच्या पुढे धाडलेल्या प्रवचनांना असा माळा नाही.

म्हणून सीमाभागातील धर्मगुरू व धर्मशिक्षकांना एक सूचना करावीशी वाटते. येत्या उपवासकाळात ख्रिस्तपुराणाचा एकेक अवस्वरू मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून जरूर पाठवावा, पण त्याच आठवड्यात एका घरी तो मोठ्याने वाचण्याची बैठक ठेवावी, आणि प्रत्येक शंकेपाशी, ग्रंथातील गुरू थांबतात तसे, थांबावे. जुनी मराठी अडेल. त्यासाठी बैठकीत गोव्याकडची कोंकणी कानावर असलेले एखादे वडीलधारे माणूस आवर्जून बोलवावे. पुष्कळ शब्द त्यांना कोशावाचून उलगडतील.