लग्नगडी आणि चूल : ‘जेव्हा माणूस जागा होतो’

गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या ग्रंथाची गणना लढ्याच्या आठवणींत होते. स्त्रीप्रश्नाचा ग्रंथ म्हणून तो क्वचितच वाचला जातो. वस्तुतः ठाणे जिल्ह्यातील १९४५च्या वारली उठावाच्या या कथनात लग्नगड्यांची हकिगत फार बोलकी आहे. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवऱ्याबरोबर नववधूही जमीनदाराची बटीक होई. स्त्रीदास्य जमिनीच्या मालकीत कसे गुंतले आहे, हे लेखिका सिद्धान्त न सांगता दाखवितात. हे त्यांचे सामर्थ्य होय. परंतु जमीनदाराचा धाक गेल्यावरही चुलीपुढचे श्रम बाईच्याच वाट्याला का राहतात, याकडे त्यांची दृष्टी तितकी वळत नाही. १९७२च्या दुष्काळात दिवसभर खडी फोडून रात्री भाकरी थापणाऱ्या धाराशिवच्या मजूर बाईपुढे हाच प्रश्न होता. आणि कामावर तिच्यापुढे जमीनदार नव्हे, मुकादम उभा होता.