ख्रिस्तपुराण आणि आमची देवळे

फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ मराठी वाचकांस बहुधा चार-सहा ओव्यांपुरतेच ठाऊक असते. मराठी भाषेची थोरवी गाणाऱ्या त्या ओव्या पाठ्यपुस्तकांतून येतात, सभासंमेलनांतून म्हटल्या जातात, आणि एका परकी पाद्र्याने आपल्या भाषेचा गौरव केला एवढ्यावर आपण समाधान मानतो. उरलेल्या जवळजवळ ११,००० ओव्यांत काय आहे, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. ती केल्यावाचून या ग्रंथास न्याय देता येत नाही, आणि त्यास जाबही विचारता येत नाही, असे आमचे मत आहे.

स्टीफन्स हे जेज्वीट पंथाचे इंग्रज धर्मोपदेशक. ते १५७९ मध्ये गोव्यास आले, साष्टी प्रांतात राहिले आणि १६१९ मध्ये गोव्यातच निवर्तले. कोंकणीचे व्याकरण त्यांनी रचले. पुराण मात्र मराठीत लिहिले. ते १६१६ साली राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्यात बायबलच्या जुन्या कराराची कथा असून दुसऱ्यात येशूचे चरित्र आहे. छंद ओवीचा, घाट श्रोता-वक्त्याच्या संवादाचा, आणि स्वर्गाला शब्द ‘वैकुंठ’. देवळाच्या सभामंडपात पुराण ऐकण्याची सवय असलेल्या कानांस या ग्रंथात परकेपणा असा जाणवतच नाही.

या पुराणाचा जो आधारग्रंथ, त्या बायबलमध्ये दोन शिकवणी हातात हात घालून चालतात. मिसर देशात विटा थापीत खितपत पडलेल्या इस्रायली लोकांचा आक्रोश देव ऐकतो आणि मोशेस राजासमोर उभा करतो, ही पहिली : गांजलेल्यांचा कैवार घ्यावा. राजाज्ञा मोडून दानिएल त्रिकाळ प्रार्थना करीत राहतो आणि सिंहांच्या गुहेत टाकला जातो, ही दुसरी : छळ झाला तरी श्रद्धा सोडू नये. प्रल्हादाची कथा ज्यांच्या घरी ओठावर आहे, त्यांस ही दुसरी शिकवण समजावून सांगण्याची गरज नाही. मोशेची कथा स्टीफन्सनी ओव्यांत आणली आहे, आणि जेथे ते कथा सांगतात तेथे त्यांची ओवी सहज वाहते. मूर्तिपूजेच्या खंडनास ते लागले की मात्र कवी मागे सरतो आणि वादी पुढे येतो. हा त्यांच्या प्रतिभेचा दोष नसून त्यांच्या कामगिरीचा आहे, असे आम्ही समजतो.

परंतु हा धडा कोणास दिला जात होता? ग्रंथारंभीच एक ब्राह्मण श्रोता पाद्रीबुवांस विनवितो की, पूर्वीची पुराणे आपण आम्हांस वर्ज्य केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे पुराण द्यावे. ज्या ग्रंथाचा जन्मच या मागणीतून झाल्याचे ग्रंथकार सांगतो, तो ग्रंथ आपल्याच पहिल्या पानांतून एका बंदीची साक्ष देतो. पोर्तुगीज सत्तेने १५६७ साली साष्टीतील देवळे जाळली आणि पाडली. त्या काळात कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळास गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास, लोटलीचा रामनाथ बांदोड्यास. नदीपलीकडे ज्या अंत्रूज महालात या देवतांस आसरा मिळाला, तेथे तेव्हा विजापूरच्या आदिलशहाचे राज्य होते, हेही विसरून चालणार नाही. बायबलच्या भाषेत बोलावयाचे तर त्या दिवसांत मिसरचा राजा राशोलच्या किल्ल्यात होता, आणि इस्रायली लोक रात्रीच्या अंधारात देव डोक्यावर घेऊन नदी ओलांडीत होते.

स्टीफन्स यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून सांगितले पाहिजे की, देवळे पाडली गेली तेव्हा ते गोव्यात नव्हते. पण १५८३ साली ते साष्टीतच होते. त्या वर्षी कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी रुदोल्फ आक्वाव्हिवा यांच्यासह पाच जेज्वीटांस ठार मारले. त्यानंतर त्या गावकऱ्यांच्या प्रमुखांस बोलणीसाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून पोर्तुगीजांनी मारून टाकले. पाच पाद्र्यांस चर्चने १८९३ साली धन्य पद दिले. दानिएलचा धडा मात्र गावकऱ्यांसही तितकाच लागू होता. पुढे हे पुराण छापले गेले तेही इन्क्विझिशनच्या परवान्याने. छळणाऱ्याच्या मोहरेखाली छळ सोसणाऱ्यांची कथा प्रसिद्ध व्हावी, हा या ग्रंथाचा मूळ अंतर्विरोध होय. ओव्यांच्या माधुर्याने तो झाकता येत नाही.

तथापि या कथेचा दुसराही भाग आहे. १६८४ साली पोर्तुगीज सरकारने लोकभाषेवरच घाला घातला आणि तीन वर्षांत सर्वांनी पोर्तुगीज बोलावे असे फर्मान काढले. ज्यांचे पूर्वज बाटवले गेले होते, त्यांतील अनेक ख्रिस्ती कुटुंबे निरनिराळ्या कारणांनी दक्षिणेस कानडा मुलखात गेली. १७८४ साली टिपू सुलतानाने तेथील ख्रिस्ती लोकांस कैद करून श्रीरंगपट्टणास नेले. या साऱ्या उलथापालथीतूनही पुराणाच्या हस्तलिखित प्रती वाचल्या, आणि १९०७ साली जोसेफ साल्ढाणा यांनी ते मंगळुरास पुन्हा छापले. आमच्या पूर्वजांनी देव वाहून नेला. त्यांनी ओवी वाहून नेली. हे दोन काफिले एकाच गावचे होते, हे आमच्या टीकाकारांनी ध्यानात घेतलेले दिसत नाही.

भोपाळच्या सोनागिरीत बसून आम्ही हे लिहीत आहो. पोटापाण्यासाठी येथवर आलेल्या घरांतही देव्हाऱ्यात मंगेश असतो, शांतादुर्गा असते. कुलदैवताची वारी चुकली की घरातील वडीलधारी माणसे हळहळतात. श्रद्धा टिकविण्याचा धडा आमच्या समाजाने उत्तम गिरविला आहे, यात शंका नाही. परंतु मोशेचा नियम तेथेच थांबत नाही. तुम्ही स्वतः परदेशात उपरे होता, म्हणून उपऱ्यास, विधवेस, अनाथास गांजू नका, असे तो बजावतो. आपण सोसले, ही आठवण दुसऱ्यासाठी दार उघडण्यास कामी आली पाहिजे, असा त्याचा आशय आहे. या कसोटीस आम्ही किती उतरलो? नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दारापाशी १९३० साली सत्याग्रह करावा लागला. पंढरीचा विठ्ठल हरिजनांस भेटावा म्हणून साने गुरुजींस १९४७ च्या मे महिन्यात प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. ती दारे पोर्तुगीजांनी बंद केलेली नव्हती.

म्हणून ‘ख्रिस्तपुराण’ संपूर्ण वाचावे, असे आम्ही वाचकांस आग्रहाने सुचवितो. त्यातील भाषास्तुतीने सुखावून जाऊ नये, आणि त्यातील परधर्मनिंदेने संतापून ग्रंथ मिटूही नये. जो धडा देणाऱ्यास पाळता आला नाही, तो त्यामुळे खोटा ठरत नाही. तो घेणाऱ्याकडे येतो, आणि आपल्या देवळाचे दार कोणासाठी किती उघडे आहे, हे पाहण्यास सांगतो.