कापलेले चेहरे आणि उरलेला हात

घरातील जुने फोटो घ्यावेत, ते कात्रीने कापावेत, एकाचे डोके दुसऱ्याच्या धडावर बसवावे, आजीच्या पाठीमागे समुद्र आणावा, आजोबांच्या हाती चंद्र द्यावा, अशा अतिवास्तव कोलाजची ओढ आपल्याकडील तरुण चित्रकारांनाही लागली आहे. अमरावती-अकोल्याकडचे विद्यार्थी अशी चित्रे घेऊन दाखवायला येतात. त्यांना दोन उत्तरे मिळतात. कलावादी समीक्षक म्हणतो, ‘वा, स्वप्नाची भाषा सापडली!’ कार्यकर्ता म्हणतो, ‘हे पोट भरलेल्यांचे खेळ आहेत.’ मला ही दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. आपल्यापुढचा खरा प्रश्न वेगळा आहे. ज्याच्या घरात पूर्वजांचा एकच फोटो आहे त्याने तो कापावा का, आणि कापावा तर कशासाठी?

प्रथम ही कला कोठून आली ते पाहू. आंद्रे ब्रेताँने अतिवास्तववादाचा जाहीरनामा 1924 साली काढला. माक्स अर्न्स्ट याने 1934 मध्ये पॅरिसमध्ये कोलाजचे एक संपूर्ण पुस्तकच प्रसिद्ध केले. एकोणिसाव्या शतकातील लोकप्रिय कादंबऱ्यांतली छापील चित्रे कापून त्याने दिवाणखान्यातल्या सभ्य माणसांना पक्ष्यांची आणि सिंहांची डोकी लावली. त्याचा हल्ला भांडवलदारी कुटुंबाच्या प्रतिष्ठेवर होता. त्या प्रतिष्ठेची चित्रे बाजारात ढिगांनी पडली होती. कात्रीला तोटा नव्हता.

आपल्या देशातील उदाहरण घ्यायचे तर विवान सुंदरम यांचे घेता येईल. 2001-02 मध्ये त्यांनी आजोबा उमरावसिंग शेरगिल यांनी काढलेले घरचे फोटो संगणकावर एकमेकांत मिसळले आणि मावशी अमृता शेरगिल हिच्याभोवती एक मालिका रचली. काळ आणि माणसे त्यांत एकमेकांच्या अंगावरून जातात. काम मोलाचे आहे. पण त्याच्या तळाशी काय आहे ते विसरता कामा नये. तेथे घरात कॅमेरा होता, आणि दशकानुदशके फोटो काढणारा आजोबा होता.

आपला अल्बम कोठे आहे? आपल्या पूर्वजांवर कॅमेरा रोखला गेला तो बहुधा साहेबाकडून. 1868 ते 1875 या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड निघाले. 1903 मध्ये वऱ्हाड मध्यप्रांताला जोडला गेला, आणि 1916 साली रसेल व हिरालाल यांनी मध्यप्रांतातील जाती-जमातींवरचे चार खंड फोटोंसह प्रसिद्ध केले. अशा ग्रंथांतील बहुतेक फोटोंखाली जातीचे किंवा धंद्याचे नाव असते, माणसाचे नसते. चेहरा आहे आणि नाव नाही, यापेक्षा अधिक अतिवास्तव चित्र कोणते? ते काढायला कोणा स्वप्नवाद्याची गरज पडली नाही. जातिव्यवस्थेनेच ते काढले.

पुढे वस्तीत फोटो आला तो टंचाईतूनच आला. बाप मेला, आणि घरात त्याचा फोटो एकच, कुठल्याशा कागदावर चिकटवलेला. तो सोडवून स्टुडिओत नेला. स्टुडिओवाल्याने चेहरा मोठा केला आणि खाली कोट-टाय घातलेले धड जोडले. जन्मात ज्याने कोट अंगात घातला नाही तो भिंतीवर कोटात बसला. नवरा-बायकोंनी एकत्र फोटो कधी काढला नसेल, तर दोघांचे वेगवेगळे फोटो जोडून ‘जॉइंट’ केला. पांढरपेशांना यात हास्यास्पद काही दिसेल. मला यात बाबासाहेबांच्या पोशाखामागचा मानवी हक्क दिसतो. आपल्या माणसांनी कोलाज हा शब्द ऐकण्यापूर्वी कोलाज केले होते, आणि ते गरजेपोटी केले होते.

पण या लोककलेचेही गुणगान करून थांबता येत नाही. माझ्याच घरची गोष्ट सांगतो. माझे आबाजी अकोल्याच्या जिनिंगमध्ये मजूर होते. त्यांचा फोटो होता, आजीचा नव्हता. शेवटी एका लग्नाच्या घोळक्यातून आजीचा चेहरा काढला आणि जॉइंट फोटो तयार झाला. लहानपणी मला आजीच्या खांद्यावरचा पदर विचित्र जाड वाटायचा. पुढे मूळ फोटो हाती आला तेव्हा कळले की तो पदर नव्हे. शेजारी उभ्या असलेल्या बाईचा हात आजीच्या खांद्यावर होता. स्टुडिओवाल्याने त्याच्यावर रंग भरून पदर केला. ती बाई कोण, हे सांगणारे आता घरात कोणी नाही. आजीला भिंतीवर जागा मिळाली, आणि तिच्या सोबतिणीला आम्ही कापून टाकले.

हे एकट्या माझ्या घरात घडलेले नाही. फेब्रुवारी 1934 मधला राजगृहावरचा फोटो आठवा. त्यात यशवंतराव आहेत, बाबासाहेब, रमाबाई, भावजय लक्ष्मीबाई आणि पुतण्या मुकुंद आहेत; पुढ्यात टॉबी नावाचा कुत्राही आहे. हे एक भरलेले घर आहे. आपल्या कॅलेंडरांवर मात्र बाबासाहेब आणि रमाबाई एवढेच येतात, तेही अनेकदा वेगवेगळ्या काळांतले चेहरे जोडून, मागे संसद किंवा बुद्ध ठेवून. भावनेच्या दृष्टीने ते समजण्यासारखे आहे. पण लक्ष्मीबाई कोठे गेल्या, असे आपण कधी विचारले काय?

चळवळ आणि घर ही आपल्याकडे कधीच दोन चौकटींत नव्हती. 13 नोव्हेंबर 1927 रोजी अमरावतीला बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. प्रश्न अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा होता. परिषद चालू असतानाच थोरले बंधू बाळाराम यांच्या निधनाची बातमी आली. घरचा शोक आणि समाजाचा लढा एकाच मांडवात आले. असा क्षण एका फोटोत मावत नाही. त्यासाठी दोन चित्रे शेजारी ठेवावी लागतात. कोलाजची खरी गरज मला येथे दिसते.

अमेरिकेतील कृष्णवर्णीय चित्रकार रोमेअर बेअर्डन याच्याकडून या बाबतीत शिकण्यासारखे आहे. 1964 मध्ये त्याने मासिकांतील फोटोंचे तुकडे जोडून आपल्या लोकांची चित्रे केली. एकाच चेहऱ्यात दोन मापांचे डोळे, आफ्रिकी मुखवट्याचा तुकडा, अंगापेक्षा मोठा हात. अर्न्स्ट सांधे लपवीत असे, बेअर्डन सांधे दिसू देतो. हा फरक तंत्रापुरता नाही. ज्या समाजाला तोडले गेले त्याच्या चित्रात तुटल्याची खूण राहिली पाहिजे, असा तो आग्रह आहे. दुसरीकडे पुण्याची चित्रकर्ती राज्यश्री गुडी हिने आपल्या दलित कुटुंबाच्या अल्बममधील खाण्यापिण्याचे, आनंदाचे फोटोच कलाकृती म्हणून मांडले. प्रत्येक वेळी कात्री लागतेच असे नाही.

आज संगणक आणि मोबाइल हे सांधे क्षणात मिटवतात. नसलेला चेहराही घडवून देतात. म्हणून कसोटी अधिक कडक हवी. आपल्या चित्रकाराला मी तीन प्रश्न विचारीन. तू कोणाला कापलेस? सांधा दिसतो की लपवलास? आणि आजीच्या मागे समुद्र आणलास तो तिच्या जगण्यातून आला, की परदेशी पुस्तकातून? केवळ चमत्कृती ही उसनी असते. गावाबाहेरची वेगळी विहीर, दाराबाहेर ठेवलेला वेगळा कप, यांत चमत्कृती थोडी का आहे? दलित आत्मकथनांनी, दया पवारांच्या ‘बलुतं’ने 1978 मध्ये, नसलेला अल्बम शब्दांत उभा केला. तेथे कल्पनेला वास्तवाचा जामीन होता. चित्रालाही तो हवा.

आणि एक साधे काम सर्वांनी करावे. कात्री हाती घेण्यापूर्वी फोटोची प्रत काढावी, मूळ फोटो कापू नये. घरातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसून प्रत्येकाचे नाव फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहावे. कडेला अर्धी दिसणारी बाईसुद्धा सोडू नये. साहेबाच्या ग्रंथाने आपल्या चेहऱ्यांखाली जात लिहिली. नावे लिहिण्याचे काम आपले आहे.

माझ्या आजीच्या खांद्यावरचा हात मी आता मूळ फोटोतून पुन्हा जोडून घेतला आहे. तो जॉइंट फोटोवर बसत नाही. माप चुकते, रंग वेगळा दिसतो. तो तसाच ठेवला आहे.