मलिक अंबरची दोन चित्रे

परंड्याचा भुईकोट किल्ला पाहायला गेलेली मंडळी बहुधा तोफा पाहून परततात. विजापूरची ती प्रसिद्ध ‘मुलुख मैदान’ एके काळी इथेच होती, १६३२ साली ती तिकडे गेली, असे सांगितले की मुले खूश होतात. पण धाराशिव जिल्ह्यातल्या या किल्ल्याचा खरा मान वेगळाच आहे. १६०० साली अहमदनगर मोगलांच्या हाती पडले, तेव्हा दुसऱ्या मुर्तजाला गादीवर बसवून मलिक अंबरने निजामशाहीचा मोडलेला संसार इथे पुन्हा मांडला. अंबर मूळचा हबसाणातला, म्हणजे आजच्या इथिओपियातला. लहानपणी गुलाम म्हणून विकला जाऊन तो हातोहात दक्षिणेत आला. इथे त्याला विकत घेणारा पेशवा चंगीझखान हाही हबशीच!

या पुरुषाची दोन मोगली चित्रे शेजारी ठेवून पाहण्याजोगी आहेत.

पहिले अबुल हसनचे, साधारण १६१६ मधले. ते डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा. गोल बैलाच्या पाठीवर आणि बैल माशावर. समोर भाल्यावर अंबरचे छाटलेले मस्तक, त्यावर घुबड, आणि बादशहा त्या मस्तकावर बाण सोडतो आहे. कारागिरी पाहून मान डोलावी, पण हा प्रसंग कधी घडलाच नाही. अंबरने १६२४ साली भातवडीला मोगल आणि आदिलशाही फौजांना एकदमच धूळ चारली आणि १६२६ साली, ऐंशीच्या घरात, तो आपल्या मरणाने गेला. रणात साधले नाही ते बादशहाने कुंचल्याकडून करून घेतले. एका माणसाच्या डोक्यासाठी अवघे ब्रह्मांड जमवावे लागले; चित्र सांगू गेले जहांगीरचा मोठेपणा आणि सांगून बसले अंबरचा!

दुसरे हाशिमचे, १६२० च्या सुमाराचे, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातले. इथे ना गोल, ना घुबड. पांढऱ्या पोशाखातला एक वृद्ध, काळा, भारदस्त पुरुष एकटा उभा आहे, एवढेच. शत्रूच्या पदरचा चित्रकार. पण त्याने रंग उजळ केला नाही की चेहरा विद्रूप केला नाही. मला हे चित्र श्रेष्ठ वाटते. पहिल्यात चित्रकार धन्याच्या मनातले काढतो, दुसऱ्यात डोळ्यांपुढचा माणूस. अंबर वारल्यावर जहांगीरच्याच बखरकाराने, मोतमदखानाने, त्याच्या युद्धकौशल्याची मुक्तकंठाने स्तुती केली, तीही याच जातीची.

आता आपल्याकडे वळू. भातवडीच्या रणात शहाजीराजे अंबरच्या बाजूने लढले, त्यांचे बंधू शरीफजी तिथे पडले. शिवभारतकार परमानंदाने ती लढाई आवर्जून वर्णिली. आणि आपण? काळ्या रंगाच्या पोराला चिडवायला ‘हबशी’ हा शब्द अजून आपल्या घरांतून निघतो. म्हणजे अबुल हसनचे चित्र आपण भिंतीवर नाही, पण जिभेवर टांगून ठेवले आहे.

या सुटीत मुलांना घेऊन परंड्याला जरूर जा. तोफा दाखवाच; पण हबशी म्हणजे कोण, हेही तिथेच सांगा.